स्कूटरची किल्ली

प्रिय दादा,

तुझी स्कूटर गॅरेजमध्ये आहे, असं मी तीन महिने फोनवर सांगत होते, ती शुद्ध थाप होती. सिनेमाचं दिग्दर्शन शिकवणाऱ्या गुरुजींना मी ती फीपोटी देऊन टाकली होती. तू म्हणालाच होतास, "बये, हा माणूस तुला टोपी घालणार."

काल एका संकलक बाईंच्या मोफत शिबिराला गेले, तर दारात तुझी स्कूटर! आत पहिल्या रांगेत गुरुजी वही उघडून बसलेले. मला बघून ओशाळले. "संकलन मला कधी जमलंच नाही गं," म्हणाले.

बाईंनी एक दृश्य दाखवून विचारलं, "कुठे कापाल?"

मी म्हटलं, "आई दार लावते, त्याच्या आधी."

बाई खूश झाल्या. सोमवारपासून मी त्यांची मदतनीस! सगळ्यांत जोरात टाळ्या गुरुजींनी वाजवल्या.

बाहेर आल्यावर ते हळूच म्हणाले, "मला शिकवशील? फी सांग."

मी हात पुढे केला. "किल्ली."

आता स्कूटर आपल्या दारात आहे, म्हणून हे पत्र काही मी पाठवत नाही. आरसा तेवढा फुटलाय. तो गॅरेजवाल्याने फोडला, असं तुला सांगेन.

तुझी,
थापाडी बहीण