कूलरवाल्याच्या घरचा पत्रा

४ एप्रिल

आज माझ्याच पोरीनं माझं गिऱ्हाईक घालवलं. माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून!

राधाकिशन काका मोठा कूलर बघायला आले होते. चांगली बागायती आहे, घासाघीस न करणारा माणूस. मी त्यांना वारा किती लांब जातो ते दाखवतोय, तेवढ्यात सहर म्हणाली, "काका, तुमच्या घरावर पत्रेच हायत ना? आदी पत्र्याला चुना मारा. मंग लागलाच तर लहान कूलर घ्या." काकांनी माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, "बघतो" म्हणाले आणि गेले. बघतो म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नाही, सिरसाळ्यातल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा.

ओरडणार होतो. पण तिनं सांगितलं इतकं नीट की क्षणभर मलाही पटलं. अंबाजोगाईला बी.एस्सी. करते. कॉलेजात तापमानवाढीवर कसलं तरी शिबिर झालं, तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. आता तिच्या सुट्ट्या आणि माझा सीझन एकाच वेळी आलेत. अल्ला मालिक.

(वही मराठीतच. घरात आमची बोली चालते, पण शाळा मराठीत झाली, हात मराठीतच वळतो. शिवाय बायकोला मराठी वाचता येत नाही. तेही बरंच आहे.)

७ एप्रिल

अंगणवाडीवर चुना चढला. वस्तीतला पहिला पत्रा!

अंगणवाडी म्हणजे एक खोली आणि वर पत्रा. एप्रिल लागला की मुलं आत भाजतात, आया त्यांना लवकर घरी नेतात. तिथल्या सेविका मंगलताई मोकळ्या स्वभावाच्या. सहरनं विचारल्यावर म्हणाल्या, "मार बाई. वरून कुनी इचारलं तर सांगन, रंगरंगोटी केली."

चुना विकत आणावा लागला नाही. शब-ए-बारातला कबरस्तानात जाऊन अब्बांच्या कबरीला चुना फिरवतो, त्यातलं अर्धं पोतं घरात उरलं होतं. मी सल्ला दिला, खडामीठ टाका, चुना धरून राहतो. आमच्याकडं भिंतीला सगळे असंच करतात. टाकलं.

संध्याकाळी अम्मीला कळलं. खरं तर सहरच्या मनात पुढचा पत्रा अम्मीच्या खोलीचा होता. गेल्या मे महिन्यात अम्मी त्याच खोलीत बेशुद्ध पडली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा ऊन बाधलं तर या वयात झेपायचं नाही.  सहरच्या या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी दादीच आहे. ती तसं बोलत नाही एवढंच.

अम्मी म्हणाली, "कबरीचा चुना जित्या मानसाच्या डोक्यावर? नक्को. मी मरीन तवा लावा. माझा पोरगा कूलरवाला हाय, मला काय कमी हाय?"

विषय संपला. ती खोली अंगणापलीकडं आहे, अब्बांनी बांधलेली. तिथं तिचाच हुकूम चालतो.

८ एप्रिल

गुफरान कलिंगडाच्या गाड्यावरून ओरडला, "काय बे वाहेद, पोरगी तुझं दुकान बसवायला निघाली म्हनं?" अख्ख्या बाजारानं ऐकलं. तिथं हसलो. घरी जेवताना मात्र बडबडलो, असंच चाललं तर पुढच्या वर्षी मीही कलिंगडंच विकणार.

१२ एप्रिल

अंगणवाडीत आज बायकांची बैठक. मी फक्त पत्र्याचे दोन तुकडे पोचवायला गेलो होतो. गेलो आणि दाराबाहेर उभाच राहिलो.

सहरनं दोन्ही तुकडे उन्हात ठेवले होते, एक चुना लावलेला, एक कोरा. प्रत्येकीला हात लावायला सांगितलं. कोऱ्यावरून हात असे मागं येत होते, तव्यावरून यावेत तसे. मग ती बोलली. "ऊन पयलं बी होतं. पर आता राती बी गार होत न्हाईत, कावून? जगभर कोळसा जळतोय, डिझेल जळतंय. त्याचा धूर वर साचतो आन् जमिनीची गर्मी भाईर जाऊ देत न्हाई. गर्मी वाढली की आपन कूलर लावतो. कूलरला वीज, विजेला परत कोळसा. म्हंजी गर्मी घालवायला आपन गर्मीच करतो."

केशरबाई, ऊसतोडीला कारखान्यावर गेलेल्या, नुकत्याच परत आल्यात, जीभ तिखट. म्हणाल्या, "मंग तुझा बापच करतो म्हन की."

सगळ्या हसल्या. मी भिंतीमागं सरकलो. सहर म्हणाली, "हौ, करतात. पर मोठ्या शहरातले एसीवाले त्यांच्यापेक्षा लई करतात. आपला हात त्यात सगळ्यात कमी, आन् भाजतो सगळ्यात जास्त आपनच. म्हनून कुनाची वाट न बघता आपन आपला पत्रा तरी करू."

केशरबाईंनी कोऱ्या तुकड्याला पुन्हा हात लावून पाहिला. मग म्हणाल्या, "पुढचा माझा कर."

माझी पोरगी! लहानपणी पाहुणे आले की बाजेखाली लपायची. ऊर भरून आला, दुसरा शब्द नाही.

१८ एप्रिल

काय केलं मी हे.

परवा अवकाळी पडून गेला. आज मंगलताईंनी बोलावून पत्रा दाखवला. पांढऱ्या चुन्यातून तांबडे ओघळ. गंज! मिठानं पत्रा खायला सुरुवात केली. बोरच्या खाऱ्या पाण्यानं कूलरच्या टाक्या कशा सडतात हे गिऱ्हाइकांना रोज मीच ऐकवतो. आणि पत्र्यावर मीठ मीच टाकायला लावलं. भिंतीचा रिवाज भिंतीला, हे अख्ख्या वस्तीत निदान मला तरी कळायला हवं होतं.

केशरबाई कमरेवर हात देऊन उभ्या. "आमचे बी पत्रे सडिवनार का आता?" सहरनं सगळ्यांसमोर सांगितलं, "चूक झाली. आमीच दुरुस्त करू." कुणाची चूक ते सांगितलं नाही. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यानं जास्त लागलं.

२१ एप्रिल

दिवसभर अंगणवाडीवर. दोघंही. गंज घासला, तांबडा प्रायमर मारला. नवीन चुना बिनमिठाचा, त्यात पांढरं सिमेंट आणि सुताराचा डिंक. कूलरच्या बॉडीला रंग मारायचा कॉम्प्रेसर मी वर चढवला. कुंच्यानं जे काम दुपार खाई ते चहा उकळेपर्यंत झालं. सहर खालून बघत होती. "अब्बा, हे पयलंच का न्हाई सुचलं?" म्हटलं, पयलं तू मला गिऱ्हाईक घालवणारी वाटत होतीस.

नंतर केशरबाईंचाही पत्रा केला. फुकट. दंड समजा.

३० एप्रिल

गंमत अशी की आता मला श्वास घ्यायला वेळ नाही. अंगणवाडीच्या खोलीत बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंश कमी, मंगलताईंनी भिंतीवर तापमापक टांगलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. मुलं आता दुपारचं खाऊन जातात. रोज कुणी ना कुणी कॉम्प्रेसर घेऊन बोलावतं. आज राधाकिशन काका आले! घर आणि गोठा, दोन्हींचे पत्रे करायचेत. शिवाय एक लहान कूलर.

कूलर विकून मिळत होतं त्याहून या फवाऱ्याचं बरं पडतंय. घरी हे बोललो नाही अजून. कुरकुरीची सवय लागलीय, जेवताना तोंडी लावायला बरी असते. आजही बोललो, धंदा बसला म्हणून. बायको भाकरी वाढत राहिली. अम्मीनं अर्धी भाकरी ताटातच ठेवली.

५ मे

ऊन भयंकर. वस्तीतले बहुतेक पत्रे पांढरे झाले. राहिला एक, अम्मीचा. बायका सहरला तोंडावर विचारतात, गावाला शिकवते आणि दादीला का नाही?

सहरनं आज युक्ती केली. चुन्यात नीळ कालवली. आमच्याकडं घराच्या भिंती निळसरच असतात, कबर पांढरी. म्हणजे हा कबरीचा रंग नाही, घराचा आहे. पोरगी मोठ्या खुशीत बादली घेऊन गेली.

अम्मी म्हणाली, "निळा? डोळ्याला तरास होतो."

"दादी, पत्रा वर हाय. तुला दिसनार कुटं?"

"मंग शिडीनं पत्रा वाकंल."

कबर गेली, डोळे आले. डोळे गेले, शिडी आली. हट्टी म्हातारी! मी तिच्या खोलीतल्या कूलरचं गवत बदललं, टाकी भरली आणि आलो. दुसरं काय करणार.

१२ मे

मेणबत्तीवर लिहितोय.

सकाळी वस्तीची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. मोठा आवाज, मग सगळे कूलर एकदम बंद. लाइनमन बाराच्या सुमारास आला, वर बघून म्हणाला, "समदं सिरसाळा एकाच टायमाला कूलर लावतंय, डीपी काय करीन? नवीन यायला टाइम लागंल." मी खाली उभा. त्या तारेवरचे निम्मे कूलर माझ्या दुकानातले.

घरी धावलो. अम्मी बाजेवर, ओढणी ओली करून तोंडावर घेतलेली, अंग भट्टीसारखं. हाक मारली तर "हं" एवढंच. गेल्या वर्षी असंच सुरू झालं होतं. 

सहर नाही घाबरली. म्हणाली, "अंगनवाडीत. आत्ताच्या आत्ता." बाजेसकट उचलली. एका बाजूला मी आणि गाडा सोडून आलेला गुफरान, दुसऱ्या बाजूला केशरबाईंचा नवरा आणि मंगलताईंचा भाऊ. आत नेऊन ठेवली. सहरनं ओल्या कापडानं पुसलं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. केशरबाई पदरानं वारा घालत बसल्या. दुपार टळायच्या आत अम्मीनं डोळे उघडले. पहिलं काय म्हणाली तर, "हितं पोरं लई गोंधळ करतात."

डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, वेळेवर थंड जागी आणलं म्हणून वाचल्या.

थंड जागा! वीज नाही, पंखा नाही. फक्त वरचा पत्रा पांढरा.

१४ मे

डीपी अजून नाही. पांढऱ्या पत्र्याच्या घरांनी शेजारच्या म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना आत घेतलंय. कुणी सांगितलं नव्हतं. अंगणवाडीत एका बाजूला मुलं, एका बाजूला आज्या. मंगलताई म्हणतात, "आता खिचडी बी दुप्पट लागनार." अम्मी मुलांना दमात घेते, मुलं तिला भीत नाहीत.

बाजारात एका अनोळखी माणसानं विचारलं, "तुमी सहरचे वडील ना?" इतकी वर्षं मी कूलरवाला वाहेद होतो. हे नवीन नाव मला लई आवडलं.

१७ मे

वीज आली. अम्मीनं चप्पल घातली आणि सरळ तिच्या कोऱ्या पत्र्याखाली जाऊन कूलर लावला.

सहर रडली. पहिल्यांदाच. "सगळ्यांना पटलं, अब्बा. तिला मरायचंच हाय का?" मी बादली उचलली आणि अम्मीच्या कूलरची टाकी भरायला गेलो.

२० मे

ग्रामसभेत ठराव झाला, पुढच्या उन्हाळ्याआधी गावातला प्रत्येक पत्रा पांढरा. राधाकिशन काकांनी मांडला, सहरला उभं करून बोलायला लावलं. न अडखळता बोलली. घाटनांदूरच्या बायकांचाही फोन आलाय, तिथं जायचंय. मी कॉम्प्रेसर घेऊन, ती पत्र्याचे दोन तुकडे घेऊन.

आज एवढा अभिमान वाटला की परत येताना गुफरानकडून सगळ्यात मोठं कलिंगड घेतलं. कापलं तेव्हा अम्मीनं एकच फोड घेतली.

२२ मे

अम्मीच्या कूलरची मोटर आवाज करत होती. खोलून बसलो होतो. सहज गमतीनं म्हणालो, "अम्मी, वस्तीत माझ्या कूलरला धरून बसलेली आता तू एकटीच."

म्हणाली, "म्हनूनच बसले. कूलरवाल्याच्या आईनंच कूलर सोडला, तर तुझ्याकडून कोन घेईन? रोज जेवताना ऐकते मी, धंदा बसला, धंदा बसला."

"आन् कबरीचा चुना?"

"चुन्याला काय होतंय?"

पाना हातातच राहिला. फवाऱ्याचं बरं पडतंय हे मी घरात अजून बोललोच नव्हतो. अंगणात सहर बादली धूत होती. तिला हाक मारली, बादली इकडं घेऊन ये म्हणालो.