स्वयंपाकघराची काळी भिंत

आई, काल तुझ्या स्वयंपाकघराची भिंत उजळली. सायीच्या रंगाची झाली आहे. तुला जाऊन पंचवीस वर्षं झाली. आपल्या घरात कामं इतपत वेळेवर होतात.

पहिला पराक्रम माझाच. चुलीमागच्या काजळीवर मी सरळ चुना फासला. दोन दिवसांत त्यातून चहासारखे तपकिरी डाग वर आले. मग पिंपरीच्या नव्या कारखान्याची क्वार्टर्स रंगवणारा गावातलाच रंगारी बोलावला. भिंत बघून तो म्हणाला, “राव, आदी खरवडायचं, सोड्याच्या पाण्यानं धुवायचं, वाळू द्यायचं, मंग अस्तर, मंग रंग. तुमी आंघोळ न्हाई, हळद न्हाई, नवरदेव एकदम घोड्यावर बसवला!” तुझी सून पदर तोंडाला लावून हसली. “हे लिहितातही तसंच,” म्हणाली. लोकांची उणीदुणी काढून साप्ताहिकं भरणाऱ्याला घरात हेच मिळायचं.

अस्तराचा पांढरा हात बसला आणि मी दारातच थांबलो. झरोक्यातून येणारा तेवढाच उजेड, पण भिंतीवरून परतून तो थेट चुलीपर्यंत आला होता. तू हेच सांगत होतीस. देहूला मावशीकडे जाऊन आलीस तेव्हापासून तुझं एकच चाललेलं, “तिथं भाताच्या पातेल्यात वाकून बघावं लागत न्हाई, भिंतच उजेड देती.” तुझी नजर अधू होत चालली होती. तांदळातले खडे तू बोटांनी चाचपून काढायचीस. ते आम्हाला दिसत होतं, आणि खडा दाताखाली आला की बोलणारेही आम्हीच होतो.

त्या दिवाळीत ओटी-पडवीला चुना देऊन बादलीभर उरतो. तू दारात उभी आहेस, हात पिठाचे. बाबांना म्हणतेस, “उरलाय तर माज्या भिंतीला मारा की.” मी पुण्याला शिकायला जाऊन नुकताच शहाणा झालेलो. मी म्हणतो, “चुलीला पावडर लावून काय करायचंय? तिला काय बघायला येणार आहेत?” बाबा ठसका लागेपर्यंत हसले. उरलेला चुना गोठ्याला गेला, म्हशीची सोय झाली. भिंतीचं नाव तू पुन्हा काढलं नाहीस.

लोकांना हसवता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यावरच आज माझं घर चालतं. आता संध्याकाळ होत आली आहे, सून नव्या भिंतीपुढे बसून मेथी निवडते आहे आणि मी लेख लिहितोय अशी तिची समजूत आहे. हा कागद मी वहीतच ठेवणार आहे.

तो किस्सा मी पुष्कळ बैठकांत रंगवून सांगितला. सगळं घर हसलं, आईसुद्धा हसली, असंच सांगत आलो. खरं म्हणजे तू हसलीस की नाही, मला माहीत नाही. मी बाबांच्या तोंडाकडे बघत होतो.