थोरल्या जावयाचा गिअरबॉक्स

६ एप्रिल, रविवार
पावसला शमिकाच्या माहेरी, आप्पांकडे जेवायला. साडू गुरुप्रसाद नवी ऑटोमॅटिक घेऊन हजर. गिअर कधी बदलतो ते कळतच नाही, असं त्याने चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा मेहुणीने. आमचीही ऑटोमॅटिकच आहे, अकरा वर्षांची. तिचा गिअर बदलला की सगळ्यांना कळतं.
आप्पांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. चार मेला सगळे आंजर्ल्याच्या गणपतीला जाणार. आप्पा कुणाच्या गाडीत बसणार ते ठरलेलं नाही. म्हणजे थोरला जावई मी, म्हणून ठरलेलंच आहे. तरी छातीत जळतंय. आमटी तिखट होती.

७ एप्रिल
मला मत्सर वाटत नाही. फक्त गिअरबॉक्स मजबूत करायचाय. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात त्यावरचे व्हिडिओ पाहिले. सुट्टी चार वाजता संपली.

१२ एप्रिल
बाबल्या मेकॅनिककडे गेलो. म्हणाला, नुसतं ऑइल बदलून साफसफाई केली की झटके जातील. मला नुसतं नको होतं. जादा ताकदीच्या क्लचप्लेटी, नवी व्हॉल्व्ह बॉडी, पुढच्या जाळीमागे मोठा ऑइल कूलर. सगळं सांगितलं. त्याने विचारलं, साहेब, शर्यतीत घालताय काय गाडी? त्याला साडू नसावा.

१९ एप्रिल
गाडी अजून खोललेलीच. गुरुप्रसादने वाटेत थांबून ऑफिसपर्यंत सोडलं. गाडीत इतकी शांतता की मी मुद्दाम खोकलो. उतरताना दार जोरात आपटलं. तेही हळूच लागलं.

२६ एप्रिल
गाडी आली! काय खेचते! गिअर पडला की पाठीत गुद्दा बसतो. ताकद जाणवायलाच हवी. बाबल्याने बजावलं, म्होरची जाळी मोकळी ठेवा, कूलरला वारा लागाया हवा, नायतर तेल तापंल. एवढे व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला हे सांगायचं!
शमिका म्हणाली, आता तरी जळणं थांबवा. जळतो मी. लिहून टाकलं. ही वही ती वाचत नाही.

४ मे, पहाटे ५:४०
पावस. दोन्ही गाड्यांची पूजा झाली. गुरुप्रसादच्या गाडीला झेंडूचा एकपदरी हार. आपल्या गाडीला थोरल्याला शोभेल असा, पाचपदरी, मध्ये आंब्याच्या डहाळ्या. जाळी दिसतसुद्धा नाही. आप्पा न बोलावता येऊन आपल्या गाडीत पुढे बसले! गुरुप्रसादच्या तोंडाकडे मी बघितलं नाही. दोनदाच बघितलं.

४ मे, दुपारी १२
दापोली सोडल्यावर डॅशबोर्डवर तांबडा दिवा लागला. नव्या वस्तूला रुळायला वेळ लागतो, म्हणून दुर्लक्ष केलं. आंजर्ल्याच्या चढावर इंजिन ओरडतंय, चाकं ढिम्म. तेल करपल्याचा वास. आप्पा उतरून गुरुप्रसादच्या गाडीत बसले. शमिकासुद्धा. मेहुणीने काच खाली करून विचारलं, तुम्हाला प्रसाद आणू ना?
रस्त्याकडेला एकटाच बसलोय. एक गाय येऊन हार खायला लागली. निम्मा खाल्ल्यावर आतला कूलर दिसला, तेव्हा बाबल्या आठवला.

६ मे
शमिका म्हणाली, आप्पांनी महिन्यापूर्वीच ठरवलं होतं, आपल्याच गाडीत बसायचं. गुरुप्रसादने दोनदा विचारलं, त्याला नको म्हणाले. का, तर थोरल्याची गाडी रखडत जाते, निवांत गप्पा होतात. विचारलं, आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, तुम्ही घरात होतात कुठे? सारखे बाबल्याकडे.
लगेच आप्पांना फोन लावला. म्हटलं, पुढच्या वेळी परत माझ्याच गाडीत. ते म्हणाले, जावईबापू, पाच तास बाजूला बसलो, तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. सारखे आरशात गुरुप्रसादची गाडी बघत होतात.
मी म्हटलं, मागून कोण येतंय ते बघावंच लागतं.
त्यांनी फोन शमिकाला द्यायला सांगितला.