मुडी मीच चढवणार

१२ एप्रिल
उठता येत नाही. धाकट्या भावानं, प्रदीपननं, आणि शेजाऱ्यानं उचलून मोरीत नेलं. डावा पाय माझा नाहीच! परवा पहाटे तेय्यमात देवी अंगावर घेऊन नाचत होतो, तिची मुडी डोक्यावर होती. बांबूचा मुकुट, माझ्या दुप्पट उंच. त्यात वारा भरला, मी कमरेतून आवरला. मुडी पडू दिली नाही. ती उतरवली, मग मी पडलो.

१५ एप्रिल
कण्णूरचे डॉक्टर म्हणाले, "मणक्यातली गादी सरकलीय, नस दाबतेय. ऑपरेशन करून टाका." विचारलं, मग मुडी चढवता येईल? हसले. "मुडी विसरा आता." — मग राहिलं तुमचं ऑपरेशन! पाय आणखी लुळा पडला किंवा लघवी अडली तर तडक यायचं, एवढं मात्र कबूल करून आलो.

४ मे
दिवसभर पालथा. व्यायाम शिकवणारी रम्या येते. "कोपरांवर उठा. कळ पायातून कमरेकडे सरकली की समजा, बरं होतंय." पोरगी माझ्या मुलीच्या वयाची, पण हेडमास्तरीण! आज कळ गुडघ्याच्या वर आली.

२० मे
कुन्यंबू भेटायला आला. गेल्या साली देवीनं त्याला भावावरचा खटला मागे घ्यायला सांगितलं होतं. आज लाडीगोडी — "राघवा, तो शब्द जरा फिरवता नाही का येणार?" तोंड माझं होतं रे, शब्द तिचा. मी कोण फिरवणार!
कार्त्यायनी आतून हसली. बायको माझी, पण देवीपुढे रांगेत कधी उभी राहिली नाही. म्हणते, "रात्रभर घोरणारं तोंड ते. त्याच्यापुढे काय पदर पसरायचा!"

८ जुलै
ओसरीत चाललो. काठीशिवाय!

१९ सप्टेंबर
देवस्थानची माणसं विडा घेऊन आली. तो घेतला की देवी अंगावर घ्यावीच लागते. ते वळले प्रदीपनकडे. मी हात पुढे केला.
"दादा, वेड लागलंय का तुला?"
"अजून मेलो नाही मी!"
रम्यानं मुडीचं वजन विचारलं. सांगितल्यावर मटकन खालीच बसली. कार्त्यायनी उठून गेली. आत ताट आपटल्याचा आवाज आला.

१ डिसेंबर
उद्या. सगळे भ्यालेत. मी नाही. — बरं, थोडा.

३ डिसेंबर
चढवली! नाचलो! वारा आला, पाठ हलली नाही. डॉक्टर, बघा म्हणावं!
मग प्रसादाची हळद द्यायला उभा राहिलो. रांगेत कार्त्यायनी. मला ओळखतच नसल्यासारखी वर बघत होती. तळवे पसरलेले.
"आई, माझा माणूस कुणाचंच ऐकत नाही. तुझं ऐकेल. हे ओझं उतरव गं त्याच्या डोक्यावरून."
मला ‘नाही’ म्हणायचं होतं. तिच्या तळव्यावर हळद ठेवली आणि तोंडून आलं — "उतरवलं, लेकी."

४ डिसेंबर
प्रदीपनला सांगून आलो, पुढचा विडा तुझा. पाठ जराही दुखत नाहीये!