उजव्या हातावरची पुळी

शानल्येन, ७ डिसेंबर १९८४

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. इथे थंडी वाढली आहे. तू दिलेलं मुळ्याचं लोणचं संपलं. फूगन म्हणतो, "तुझ्या ताईच्या हाताला चव आहे, आणि माझ्या बायकोच्या हाताला नुसता शेळीचा वास." अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्याला पट्टी आहे.

यंदा कुंचल्यांसाठी शेळीचे केस फार सुंदर आले होते. टोकं इतकी पारदर्शक, की पाण्यात धरली तर दिसेनाशी व्हावीत. तेवीस वर्षं गार पाण्याच्या परातीत हात घालून मी केस निवडते आहे, असा माल दोनदाच पाहिला. पण व्यापाऱ्याच्या पोत्यांवर तपासणीचा शिक्का नव्हता. माझ्या शेजारी बसणारी कुइफांग म्हणाली, "काकू, परत पाठवूया." मी म्हटलं, "शिक्क्याने कुंचला होतो का गं? टोक बघ टोक!" कारखान्यात माल निवडायचा अधिकार माझा. मी तो घेतला.

पंधरा दिवसांनी अंगठ्याशी पुळी आली. दुखेना. मधोमध काळी पडली, मग हात कोपरापर्यंत सुजला. मी फडकं बांधलं आणि चाकू लागला म्हणून सांगितलं. बोलले असते तर सगळे केस जाळले असते. लाज वाटते, पण कारण एवढंच.

मग कुइफांगच्या मानेवर तशीच पुळी उठली. "काकू, तुमचा हात दाखवा ना. मला भीती वाटतेय."

"चाकू लागलाय म्हटलं ना!"

तिसऱ्या दिवशी तापाने फणफणून ती परातीशेजारीच कोसळली. इस्पितळात डॉक्टरांनी तिच्या मानेवर दाबून विचारलं, "दुखतंय?" तिने मान हलवली. नाही. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "काळपुळी आहे. शेळीच्या केसांतून येते. हिच्याबरोबर आणखी कोण काम करतं?"

तेव्हा मी फडकं सोडलं.

मला इंजेक्शनं चालू आहेत, मी वाचेन म्हणतात. कुइफांग अजून शुद्धीवर नाही. तिची आई व्हरांड्यात बसली आहे. मला संत्रं सोलून देते. तिला काही माहीत नाही.

ताई, लिहायचं तेच अजून लिहिलेलं नाही. गेल्या महिन्यात तुझी श्यूछिन आली होती, तेव्हा सरावाला म्हणून मी तिला त्याच केसांचं एक गाठोडं दिलं. "मावशी, इतके चांगले केस मला?" म्हणाली. मी म्हटलं, "चांगल्यावरच हात बसतो."

मला पुळी आली त्या दिवशीच ते गाठोडं आठवलं होतं. तरी मी गप्प बसले.

काल तार केली, 'गाठोडं उघडू नका'. तुझं उत्तर नाही. म्हणून हे पत्र घेऊन फूगन पहिल्या बोटीने येतो आहे. गाठोड्याला हात लावू नका, चुलीत घालू नका. ती खोली बंद करा, सरकारी माणसं नेतील. श्यूछिनचे हात, मान, चेहरा उजेडात नीट बघ. ती "काही नाही" म्हणेल. ऐकू नकोस, माझ्याच हाताखाली शिकली आहे ती. दुखत नाही म्हणाली तर क्षणभरही थांबू नकोस. वेळेवर इंजेक्शन मिळालं तर माणूस बरं होतं, डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं. त्याच बोटीने तिला इकडे पाठव.

हे पाकीट फूगनच्या हातात दिलं की मी व्हरांड्यात जाऊन कुइफांगच्या आईला सगळं सांगणार आहे.

श्यूछिन बोटीतून उतरलेली दिसेपर्यंत स्वतःला तुझी बहीण म्हणवून घ्यायची माझी हिंमत नाही.

आझेन