हळदीतून सुटलेले डोंगर

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥
पेठ वडगाव, ता. ४ ऑगस्ट २०२५

चि. संयोगितास, आबाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, आधी त्याची माफी मागतो. तुझं पत्र आणि सात फोटो सिकंदरच्या फोनवर आले, त्यानं स्टुडिओत छापून दिले, त्याला पंधरा दिवस झाले. तू म्हणशील, आबांना फोनवर ऐकू येत नाही म्हणून मी लिहिते, तर आबा लिहितही नाहीत. पण दोष माझा नाही. तुझ्या आजीचा, शालूचा आहे.

झालं असं. सहा रंगीत फोटो आणि तो एक जुना काळा-पांढरा, सगळे मी देवळीत ठेवले होते. नागपंचमीला शालू वारूळ पुजायला गेली तर वारूळच जाग्यावर नाही. ओढ्याकडेचं वारूळ यंदा प्लॉट पाडताना जेसीबीनं गेलं. तशीच ताट घेऊन परत आली, आणि देवळीत बघते तर काय, पाण्यातून वर आलेली तीन वारुळं! तिनं तो जुना फोटो पाटावर मांडला. फोटोतल्या दगडांना हळद लावली, कुंकू लावलं, लाह्या वाहिल्या, वर दूध सोडलं. मी येईतो दगड पार हळदीखाली गेले होते. मी ओरडलो, तर मलाच म्हणाली, एवढी वारुळावाणी वारुळं हायती अन् दगड म्हणं!

मला वाटलं, फोटो अस्सल, जुना, एकच. आता पोरीची नोकरी गेली. पाच दिवस सिकंदरच्या दुकानावरून गेलो नाही, पलीकडच्या बोळानं जात होतो. शेवटी त्यानंच गाठलं. ऐकून पोट धरून हसला. म्हणाला, आबा, फोनमधी हाय की, कितीबी छापा.

आता दगडांचं. तू लिहिलंस, खाऱ्या तळ्याच्या बुडातून गोडे झरे वर येतात आणि गोडं पाणी खाऱ्याला भेटतं तिथं दगड धरतो, वाढत जातो. संयू, मी चौथी शिकलेला माणूस, पण बेचाळीस विहिरी खोदून बांधल्या. दगड फोडला की झरा लागतो, एवढं मला ठाऊक. झऱ्यानं दगड बनतो हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हणजे प्रत्येक दगड हे एका झऱ्याचं तोंड की! ठोकला तर वाजतो का? पहार आत जाते का? एक कपचा पाठव.

मीठ पायाला खातं, खोबरेल लाव. चिखलात एकटी जाऊ नको. आणि तो जुना फोटो नेमका कशाला पाहिजे, ते मला परत नीट सांग. शालूला मी सांगितलं ते मलाच पटलं नाही.

तुझा,
आबा

कॅलिफोर्निया, ता. ७ ऑगस्ट २०२५

ती. आबांस, संयूचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून इतकी हसले की शेजारच्या टेबलावरची माणसं उठून बघायला आली. मी काम करते त्या संग्रहालयाच्या प्रमुख बाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, हळदीचा फोटो जपून ठेवायला सांग. तेव्हा आजीला रागावू नका.

कपचा मात्र मिळणार नाही. इथं दगडाला हात लावला तरी दंड आहे. पण सांगते, दगड वाजत नाही. बत्ताशासारखा भुसभुशीत आहे, आत पोकळ्या, वरून खरखरीत. तुमची पहार लोण्यात शिरावी तशी शिरेल.

आता जुन्या फोटोचं. साठ वर्षांपूर्वी इथल्या एका शाळामास्तरांनी तो काढला. तेव्हा तळं भरलेलं होतं, पाण्याबाहेर फक्त तीन टोकं दिसत होती. मग दूरच्या एका मोठ्या शहरानं तळ्याला येणारे ओढे आपल्याकडे वळवले. तळं आटत गेलं आणि पाण्याखाली तयार झालेले दगड उघडे पडले. आज शेकडो उभे आहेत. मास्तर जिथं उभे होते तिथंच उभं राहून मी आजचा फोटो काढायचा, आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी टांगायचे, हे माझं काम.

आबा, ती जागाच सापडत नाही. अठरा दिवस हातात फोटो घेऊन पाण्याच्या काठाकाठानं फिरतेय. एक दगड तसा वाटतो, चार पावलं गेलं की दुसराही तसाच. मागच्या आठवड्यात वाटलं, सापडलं. नाचत बाईंकडे गेले. त्यांनी दोन फोटो शेजारी ठेवले आणि नाही म्हणून मान हलवली.

एकतीस तारखेपर्यंत मुदत आहे. जागा सापडली तर सगळा काठ असाच टिपायला मला अजून दोन वर्षं ठेवतील. नाही सापडली तर सप्टेंबरात काम संपलं, दसऱ्याला मी घरी. आजीला हे दुसरंच आवडेल, माहीत आहे. पण आबा, मला हे फार हवंय. चार पुरुष खोल खोदून पाणी लागत नसलं की तुम्ही कसे अर्ध्या जेवणावरून उठून परत विहिरीवर जायचात, तशी मी परत परत काठावर जाते हल्ली.

गुडघ्याला तेल चोळत जा. आजीला नमस्कार. तुमच्या मायेवर उभी,
संयू

॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥
पेठ वडगाव, ता. १३ ऑगस्ट २०२५

चि. संयोगितास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

परत उशीर झाला. पाऊस होता, फोनवरून पत्र धाडायला सिकंदरचं दुकानही बंद होतं. असो. आता खाली बसून वाच, उभ्यानं वाचू नको.

तो हळदीचा फोटो पुजेतला, तो कचऱ्यात टाकता येत नाही, पाण्यात सोडा म्हणून शालूनं माझ्या हातात दिला. ओढ्यावर गेलो. सोडताना एकदा बघितला. दगड हळदीत बुडालेले, दिसतच नव्हते. पण शालूनं हळद वारुळांनाच लावली, वरचे डोंगर स्वच्छ सुटले होते. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं, आपण सगळे इतके दिवस दगडच बघत बसलो!

हंबीररावची नदीकाठची विहीर तुला आठवते? एकोणीसच्या पुरात गाळानं बुजली, वर ऊस माजला. हंबीरराव चार दिवस पहारीनं रान टोचत फिरला. मी गेलो आणि उसाकडे बघितलंच नाही. बांधताना मी दोन खुणा धरल्या होत्या. जोतिबाच्या डोंगराचं टोक चिंचेच्या शेंड्यावर आलं पाहिजे, आणि गुऱ्हाळाचं धुराडं मारुतीच्या कळसामागं लपलं पाहिजे. दोन्ही खुणा एकदम जुळतात अशी जागा जगात एकच असते. तिथं खोदलं, दोन हातांवर विहिरीचं तोंड लागलं.

फोटो सोडला नाही, तुझ्या बाई म्हणाल्या तसा जपून ठेवलाय, आणि त्याच्यावरच मी ओळंब्याचा दोरा धरला. उजवीकडं लांबच्या बर्फाच्या डोंगराचं टोक जवळच्या काळ्या टेकडीच्या खांद्यावर बरोबर टेकलंय. डावीकडं दोन दातांसारख्या डोंगराच्या फटीत एक गोल उंचवटा बसलाय. तुझ्या सहा रंगीत फोटोंत हे कुठंच जुळत नाही. सिकंदरनं मोठे करून दाखवले, त्यालाही पटलं.

आणि दुसरी गोष्ट, तीच खरी. तू पाण्याच्या काठानं फिरतेस. मास्तरही काठावरच उभे होते, कबूल. पण साठ वर्षांपूर्वी काठ कुठं होता? पाणी मागं हटलं, पोरी, तूही पाण्याबरोबर मागं हटलीस. मास्तर तुझ्या पाठीमागं राहिले. तळ्याकडं पाठ कर आणि वर चाल. आधी एक खूण जुळव, ती न सोडता पुढंमागं हो, दुसरी आपोआप बसेल.

झुडपांत काठी आपटत जा. तिकडं विषारी साप असतात असं सिकंदर म्हणाला, तेव्हापासून मला चैन नाही. बूट उंच घाल. पाण्याची बाटली घे. लवकर कळव.

तुझा,
आबा

कॅलिफोर्निया, ता. १९ ऑगस्ट २०२५

ती. आबांस, शि. सा. न. वि. वि.

सापडलं! आबा, सापडलं!

तळ्याकडं पाठ करून निघाले तेव्हा माझ्याबरोबरचे लोक ओरडत होते की तळं इकडं आहे. मी काठी आपटत चालत राहिले. मग तळ्याकडं वळून बर्फाचं टोक काळ्या टेकडीच्या खांद्यावर टेकवलं आणि ते धरून मागं सरकत राहिले. पाण्यापासून जवळजवळ अर्धा मैल वर, करड्या झुडपांच्या मधोमध, गोल उंचवटा फटीत येऊन बसला. पायाखाली बघितलं तर पांढऱ्या गोट्यांची एक लांबच लांब पट्टी. जुना काठ! मी मास्तरांच्या काठावर उभी होते.

मान वर केली आणि समोर ती तीन टोकं होती. पण ती आता टोकं नाहीत. तीन-तीन पुरुष उंचीचे दगडी बुरूज आहेत, कोरड्या जमिनीवर. मधल्याच्या शेंड्यावर एका पक्ष्यानं काटक्यांचं घरटं बांधलंय. माझ्या पहिल्या फोटोत तेच बुरूज बाजूनं आलेत आणि मी ते ओळखले नव्हते.

बाईंनी दोन फोटो शेजारी ठेवले. या वेळी मान हलवली नाही. चष्मा काढून पुसला आणि मला मिठी मारली. दोन्ही फोटो दारातच, पहिल्या भिंतीवर लागणार. खाली मी लिहिलंय की जागा माझ्या आजोबांनी, आकाराम पाटलांनी शोधली, पेठ वडगावहून.

अजून एक. पाण्याकडच्या एका बुरजाच्या पायथ्याशी झरा अजून उसळतोय. बोट बुडवून जिभेला लावलं. गोड आहे, आबा. आणि आता शहरानं पाणी कमी उचलायचं असं ठरलंय, तळं हळूहळू चढेल म्हणतात.

म्हणजे मला दोन वर्षं मिळाली. दसऱ्याला येणं होत नाही. हे तुमच्यापासून लपवायचं नाही. रागावू नका.

तुमची,
संयू

॥ श्री गणेशाय नमः ॥
पेठ वडगाव, ता. २९ ऑगस्ट २०२५

चि. संयोगितास, आबा आणि आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे दोन्ही फोटो सिकंदरनं एका चौकटीत बसवून दिले. पैसे घेतले नाहीत. गणपतीच्या शेजारी लावलेत. येईल त्याला मी दोऱ्यानं खुणा दाखवतो. हंबीरराव आला होता, म्हणाला, म्हाताऱ्यानं वडगावात बसून अमेरिकेतली विहीर हुडकली! मला हसू आवरेना. शालूनं तिन्ही वारुळांना परत हळदकुंकू लावलं, पण काचेवरून. वारुळंच ती, असं तिचं अजूनही म्हणणं आहे. वर जीव राहतोय म्हणजे वारूळच, घरटं बघून तर तिची खात्रीच झाली.

तू लपवलं नाहीस, मग मीही लपवत नाही. मागच्या पत्राला उशीर झाला तो पावसानं नाही. पत्र नऊ तारखेलाच लिहून तयार होतं, वरची तारीख आणि पावसाची सबब मी धाडताना घातली. सिकंदरचं दुकानही उघडं होतं. तीन दिवस मी ते खिशात घालून वडगावच्या एसटी स्टँडवर बाकावर बसलो आणि तसाच माघारी आलो. मनात येत होतं, पत्र नाही गेलं तर जागा सापडत नाही, आणि पोर दसऱ्याला घरी येते. एवढं मोठं घर, आणि आम्ही दोघंच. चौथ्या दिवशी सदरा धुवायला घेताना शालूला पत्र सापडलं. तिला वाचता येत नाही, पण खुणांचं मी तिला सांगितलं होतं, खिशातलं पत्र बघून तिला कळलं. म्हणाली, पोरीला पाणी लागायला आलंय, अन् तुम्ही वरनं दोर आखडून धरलाय व्हय? मी तसाच उठलो आणि सिकंदरकडं गेलो.

तेव्हा रागावायचा हक्क तुझा आहे, माझा नाही.

आता मी दोन्ही फोटो रोज बघतो. जुन्यात पाणी टोकांपर्यंत, नव्यात बुरूज कोरडे. बेचाळीस विहिरी केल्या, पण आटलेल्या पाण्याकडं बघणं मला अजून जमत नाही. म्हणून एक काम सांगतो. दर महिन्याला त्याच गोट्यांच्या पट्टीवर उभी राहा, दोन्ही खुणा जुळव आणि एक फोटो मला पाठव. मी इथं दोऱ्यानं मोजीन. तुझे दोन वर्षांचे चोवीस फोटो होतील, भिंतीवर जागा केली आहे. पाणी बोटभर जरी बुरजांकडं सरकलं तरी मला कळेल, आणि तू रोज तिथं उभी आहेस असं वाटेल.

उंच बूट सोडू नको. झऱ्याचं पाणी जिभेला लावलंस ते बरं केलं, पण पोटभर पिऊ नको. आमच्यावरची माया दूर राहूनही आटू देऊ नको.

पहिला फोटो सप्टेंबरचा. पाणी चढलं की उतरलं, एवढंच लिही, पण लगेच लिही. मी सिकंदरच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून आहे.

तुझा,
आबा