निगडीचा शेक

६ डिसेंबर
वैद्यबाई घरी येऊन गेल्या. सुनीला तपासलं, कोल्हापूरच्या ऑपरेशनचे कागद वाचले. स्पष्ट बोलल्या. "मणक्यातली नस तेलानं जुळत नाही. आखडलेपणा, झोप, पोट, एवढ्यासाठी मी. व्यायाम नि डॉक्टरांच्या गोळ्या चालूच." निगडीच्या, म्हणजे निर्गुंडीच्या, पाल्याची पोटळी कशी बांधायची ते दाखवलं. शेक कोमटच. "कमरेखाली मिसेसना कळत नाही, म्हणून आधी तुमच्या मनगटाला लावायची."

१४ डिसें.
झोप सुधारली. पायांचे झटके कमी. व्यायाम घेणारी सायली म्हणते, गुडघे सैल झालेत. सुनी खुशीत. चाकाच्या खुर्चीतून पडवीत आली, कलमांचा मोहर बघत बसली. जानेवारीत शाळेत रुजू व्हायचं म्हणते. हेडमास्तर तळमजल्यावरचा वर्ग देतायत.
पावसात चिऱ्याच्या पायरीवरून घसरली, त्यानंतर प्रथमच एवढं बोलली.

१९ डिसें.
दुपारी पोटळी तव्यावरून काढली. मनगटाला लावली. चटका बसला.
तरी तिच्या डाव्या पोटरीवर ठेवली. तोंडाकडे बघत राहिलो. वाटलं, आता "आई गं" म्हणेल. एकदा म्हणू दे...
"अहो, रात्री कुळथाची पिठी करता काय?"

२० डिसें.
पोटरीवर मोठा फोड. सायलीनं विचारलं. म्हणालो, "शेक जरा जास्त झाला असेल." झाला असेल! जसा आपोआपच झाला.
डॉक्टर म्हणाले, जखम भरेपर्यंत उभं राहायचे पट्ट्याचे बूट नकोत, पाय खाली सोडून फार वेळ बसणंही नको. म्हणजे उभं राहणं बंद. शाळा लांबली.
वैद्यबाईंचा फोन. शेक थांबवा म्हणाल्या. "मनगटाला लावून पाहिली होतीत ना?"
हो म्हणालो. खोटं नव्हतं, हेच वाईट.

२३ डिसें.
शेजारच्या काकी आल्या होत्या. सुनी त्यांना सांगत होती, "ह्यांना काय बोलू ओ? हात दुखेस्तोवर करतात माझं." मी स्वयंपाकघरात. पेज उतू गेली तरी हललो नाही.

२७ डिसें.
सुनीनं स्वतःच विचारलं. "त्या दिवशी माझ्या तोंडाकडे काय बघत होतात?"
सांगितलं सगळं.
म्हणाली, "मीसुद्धा रोज चिमटा काढून बघते. पण तो माझा मी. तुम्ही मला न विचारता..." रात्री जेवली नाही नीट.
वैद्यबाईंना फोन करून खरं सांगितलं. त्या चिडल्या. चिडल्या ते बरं वाटलं.

३० डिसें.
जखम सुकत्येय, पण डॉक्टर अजून वेळ लागेल म्हणतात. सुनी माझ्याशी कामापुरतंच बोलते. आज म्हणाली, "पट्टी मी करणार. पाय फक्त धरा." मी धरला. तिनं मान खाली घालून सावकाश औषध लावलं, कापूस ठेवला.
"घट्ट धरू नका," म्हणाली.
माझी बोटं बघून म्हणाली, की तिला पकड कळली... विचारायचा धीर झाला नाही. हात सैल केला.